‘हाय प्रोटीन’ रेडी मील कसं पारखावं: ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी माणसाची पहिल्या काही आठवड्यांतच सुपरमार्केटच्या एका रांगेशी ओळख होते. टेस्को असो, सेन्सबरीज असो, आल्डी असो की एम अँड एस (मार्क्स अँड स्पेन्सर), फ्रिजच्या उघड्या कपाटांत प्लास्टिकच्या ट्रेमधलं तयार जेवण, म्हणजे ‘रेडी मील’, ओळीने मांडलेलं असतं. वर पुठ्ठ्याचं वेष्टण, आत भात-करी किंवा पास्ता, आणि मायक्रोवेव्हमध्ये चार-पाच मिनिटांत जेवण तयार. मार्क्स अँड स्पेन्सरने १९७९ मध्ये चिकन कीव्ह (आत लोणी भरलेलं चिकन) असं थंडगार विकायला ठेवलं, तेव्हापासून इथल्या लोकांना या रांगेची सवय आहे. अलीकडे मात्र तिथे एक नवी पाटी झळकायला लागली आहे: ‘हाय प्रोटीन’. खाली ठळक आकडा, ३० ग्रॅम, ३५ ग्रॅम, कधी ४० सुद्धा.

मी या डब्यांच्या विरोधात नाही. रात्री नऊला लायब्ररीतून किंवा शिफ्टवरून परतलेल्या माणसाला ‘कुकर लाव ना’ असं सांगण्यात काही अर्थ नसतो. पण पुढच्या बाजूचा तो आकडा वाचून डबा उचलू नका. आकडा सहसा खोटा नसतो, मात्र जेवण चांगलं आहे की नाही हे तो सांगत नाही. ते पाठीमागच्या बारीक अक्षरांत असतं. सवय झाली की दोन मिनिटांत वाचून होतं. आणि वाचायला लागलात की एक गोष्ट लवकरच लक्षात येईल: या डब्यांत प्रोटीन क्वचितच कमी पडतं. कमी पडतं ते फायबर, आणि भाजी.

पायरी १: आपल्याला किती लागतं ते आधी ठरवा

ब्रिटनमधली शिफारस प्रौढ माणसाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ०.७५ ग्रॅम प्रोटीनची आहे. भारतात आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन संस्थेने २०२० मध्ये सांगितलेला आकडा ०.८३ ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ४५ ते ५० ग्रॅम पुरतं. पाकिटावर ‘रेफरन्स इनटेक’ (दिवसाचं संदर्भ प्रमाण) म्हणून प्रोटीनसाठी ५० ग्रॅम धरलेले असतात, तेही याच सुमाराचे.

नियमित वजनं उचलत असाल तर क्रीडापोषणातल्या शिफारशी किलोमागे १.४ ते २ ग्रॅमपर्यंत जातात. साठी-पासष्टी ओलांडलेल्यांना स्नायू टिकवण्यासाठी १ ते १.२ ग्रॅम घ्यावं असं बरेच तज्ज्ञ सांगतात. सहा महिन्यांच्या व्हिसावर आई-बाबा आले असतील आणि दुपारी घरी एकटेच असतील, तर त्यांच्यासाठी डबा निवडताना हे लक्षात ठेवा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र जास्त प्रोटीनच्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये.

थोडक्यात, मुख्य जेवणात २० ते ३० ग्रॅम प्रोटीन मिळालं तर बहुतेकांचं भागतं. ४० ग्रॅमच्या डब्यासाठी जादा पैसे मोजण्याआधी हे आठवा.

पायरी २: पाकीट उलटं करा

मागच्या कोष्टकात पहिली ओळ ऊर्जेची. तिथे दोन आकडे असतात. मोठा किलोज्यूलचा, तो सोडून द्या. लहान किलोकॅलरीचा, म्हणजे आपण बोलताना ज्याला नुसतं ‘कॅलरी’ म्हणतो तो. ‘बापरे, दोन हजार?’ असं दचकणाऱ्यांनी बहुधा किलोज्यूल वाचलेले असतात.

मग रकाने. एक ‘दर १०० ग्रॅम’चा, दुसरा ‘दर पॅक’चा. दुसरा रकाना नीट वाचा, कारण कधीकधी तो ‘अर्ध्या पॅक’चा असतो. लझान्या, ‘पाय’ (pie), मोठ्या ट्रेमधली करी हे पदार्थ दोघांसाठी धरून आकडे छापलेले असतात, आणि भुकेला माणूस सगळं एकटा संपवतो. कुठे कुठे ‘शिजवल्यावर’ असंही लिहिलेलं असतं. गरम करताना पाणी उडून वजन घटतं, त्यामुळे ४०० ग्रॅमच्या डब्याचा हिशोब ३७० ग्रॅमवर केलेला दिसला तर गोंधळू नका.

दोन डबे एकमेकांशी ताडून पाहायचे असतील तर १०० ग्रॅमचा रकाना. आज पोटात काय जाणार हे पाहायचं असेल तर पॅकचा. दोन्हींची गल्लत केली की पुढचं सगळंच गणित फसतं.

आणखी एक. हे आकडे सरासरीचे असतात. १०० ग्रॅममागे १० ग्रॅमपेक्षा कमी प्रोटीन असलेल्या पदार्थात त्याच १०० ग्रॅममागे २ ग्रॅम इकडे-तिकडे झाले तरी नियामक यंत्रणा ते चालवून घेते. म्हणजे ४०० ग्रॅमच्या डब्यावर ३२ छापलंय आणि शेजारच्यावर ३४, तर त्या दोन ग्रॅमांसाठी रांगेत उभं राहून डोकं खाजवण्यात हशील नाही.

पायरी ३: ‘हाय’ म्हणजे नेमकं काय, ते गणित करून पाहा

इथे जरा थांबू, कारण सगळी गंमत याच पायरीत आहे.

‘हाय प्रोटीन’ हे शब्द कुणालाही मनाला येतील तसे छापता येत नाहीत. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमावलीत त्यांची व्याख्या आहे, आणि ब्रिटनने ब्रेक्झिटनंतरही ती कायम ठेवली. पदार्थातल्या एकूण कॅलरींपैकी किमान २० टक्के प्रोटीनमधून आल्या तर ‘हाय प्रोटीन’ म्हणता येतं. १२ टक्के आल्या तर ‘सोर्स ऑफ प्रोटीन’. बस. एका डब्यात किती ग्रॅम हवेत याबद्दल त्या व्याख्येत चकार शब्द नाही. ती प्रमाण मोजते, वजन नाही.

त्यामुळे काय होतं पाहा. १०० ग्रॅम पालकात सुमारे २३ कॅलरी आणि जवळपास ३ ग्रॅम प्रोटीन असतं. एक ग्रॅम प्रोटीनच्या ४ कॅलरी धरल्या तर पालकातल्या निम्म्या कॅलरी प्रोटीनच्या झाल्या. म्हणजे पालकाची जुडीसुद्धा कायद्याने ‘हाय प्रोटीन’ ठरते! पण पालकावर दिवस काढून कुणाच्या दंडाचे स्नायू भरल्याचं ऐकिवात नाही.

आपल्या ताटालाही हाच हिशोब लावून पाहू. नुसती शिजवलेली मसूर डाळ १०० ग्रॅम घेतली तर साधारण ११६ कॅलरी आणि ९ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ३१ टक्के. दिमाखात ‘हाय’. तिच्यासोबत दोन वाट्या, म्हणजे २०० ग्रॅम भात घ्या. एकूण कॅलरी ३७५ च्या आसपास जातात, प्रोटीन साडेचौदा ग्रॅम होतं आणि प्रमाण १५ टक्क्यांवर घसरतं. आता तेच ताट फक्त ‘सोर्स’. वरून तुपाची धार सोडली की आणखी खाली. डाळ तीच, तिच्यातलं प्रोटीनही तेवढंच, पाटी मात्र बदलली.

दुकानात उभ्या उभ्या टक्केवारी काढायची गरज नाही. प्रोटीनच्या ग्रॅमला २० ने गुणा. उत्तर कॅलरीइतकं किंवा त्याहून जास्त आलं तर पदार्थ ‘हाय’मध्ये बसतो. ‘सोर्स’साठी ३३ ने गुणायचं.

आता चार डबे समोर ठेवू. आकडे समजावण्यापुरते माझे, पण दुकानात याच धर्तीचे दिसतील.

एक: चिकन टिक्का आणि भात, ४०० ग्रॅम, ५०० कॅलरी, ३४ ग्रॅम प्रोटीन. चौतीस गुणिले वीस ६८०. आरामात पास, आणि वजनानेही भरपूर. हे खरोखर प्रोटीनचं जेवण.

दोन: मॅक अँड चीज, ४०० ग्रॅम, ६४० कॅलरी, ३३ ग्रॅम प्रोटीन. गुणाकार ६६०. पास, पण काठावर. पहिल्या डब्याइतकंच प्रोटीन मिळवायला इथे १४० कॅलरी जास्त मोजाव्या लागतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा चीजमधल्या फॅटच्या. पुढच्या बाजूवर दोन्हींची पाटी एकच.

तीन: चिकन नूडलचं छोटं भांडं, २५० ग्रॅम, २१० कॅलरी, १७ ग्रॅम प्रोटीन. गुणाकार ३४०. टक्केवारीत चौघांत अव्वल. पण १७ ग्रॅम आणि २१० कॅलरी म्हणजे मधल्या वेळचं खाणं झालं, जेवण नाही. रात्री साडेदहाला बिस्किटांचा पुडा फुटतो तो अशाच भांड्यांमुळे.

चार: चणे-पालक करी आणि भात, ४०० ग्रॅम, ४२० कॅलरी, १६ ग्रॅम प्रोटीन. गुणाकार ३२०, नापास. ३३ ने गुणलं तर ५२८, म्हणून ‘सोर्स’. पुढे एकही चमकदार पाटी नाही. हा डबा माझ्या मते या चौघांत पहिल्याच्या खालोखाल येतो, आणि घरी दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर घट्ट दही असेल तर त्याच्याही पुढे जातो. का, ते फायबरच्या पायरीत.

पायरी ४: प्रोटीन येतं कुठून?

घटकांची यादी उतरत्या वजनाने लिहावी लागते. जे सर्वात जास्त, ते सर्वात आधी. पदार्थाच्या नावात जो घटक आहे त्याची टक्केवारीही द्यावी लागते. चिकन करीवर चिकन किती टक्के हे छापलेलं सापडणारच.

समजा यादीत शिजवलेलं चिकन ब्रेस्ट २४ टक्के आहे. ४०० ग्रॅमच्या डब्यात ते ९६ ग्रॅम झालं. साध्या शिजवलेल्या चिकन ब्रेस्टमध्ये १०० ग्रॅमला ३० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. म्हणजे चिकनमधून २८, भातातून चारेक ग्रॅम. डब्यावर ३२ लिहिलं असेल तर हिशोब जुळला. पण चिकन १२ टक्केच असेल आणि तरी पुढे ३४ चा आकडा असेल, तर बाकीचं प्रोटीन कुठून आलं ते शोधा. यादीत खाली कुठेतरी मिल्क प्रोटीन, पी (मटार) प्रोटीन, सोया प्रोटीन कॉन्सन्ट्रेट किंवा व्हीट ग्लूटेन (गव्हाचं प्रोटीन) सापडेल. पास्त्याच्या डब्यांत हे बऱ्याचदा दिसतं.

यात विष वगैरे काही नाही. सोयाचं आणि दुधाचं प्रोटीन दर्जाने उत्तमच असतं. गव्हाच्या प्रोटीनमध्ये मात्र लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, आणि लेबलला हा फरक कळत नाही. तिथला आकडा पदार्थातला नायट्रोजन मोजून, त्याला ६.२५ ने गुणून काढलेला असतो. चिकनचा नायट्रोजन काय, ग्लूटेनचा काय, जिलेटिनचा काय, गणिताला सगळे सारखे. दिवसभरात डाळ, दही, अंडी, मासे असं मिसळून खाणाऱ्याला याची फार काळजी करायचं कारण नाही. रोज एकाच प्रकारचा डबा खाणाऱ्याने थोडी करावी.

चिकनच्या नावापुढच्या कंसातही डोकावा. ‘मॅरिनेटेड चिकन’ म्हणून कंसात चिकन, पाणी, कॉर्नफ्लॉवर, मीठ अशी यादी असेल, तर त्या २४ टक्क्यांतले काही टक्के पाणी आणि पीठ आहे. मांस रसाळ राहावं म्हणून हे करतात. वजनही वाढतं, हा भाग वेगळा.

आता अतिप्रक्रियायुक्त अन्नाचा प्रश्न, कारण तो कुणीतरी विचारतंच. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये २० जणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. हवं तितकं खायची मुभा असताना अतिप्रक्रियायुक्त आहारावर लोकांनी दिवसाला साधारण ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. पण रेडी मीलची रांग सरसकट एकाच जातीची नाही. काही डब्यांची यादी अगदी आपल्या ओट्यावरची वाटते: कांदा, टोमॅटो, चणे, आलं, जिरं, तेल, मीठ. काहींत मात्र स्टार्चचे प्रकार, स्टॅबिलायझर, कृत्रिम गोडी आणि फ्लेवरिंग यांची रांग लागलेली असते. एकाच कपाटात दोन्ही शेजारी शेजारी असतात. आठवड्यातून दोन वेळा खाणार असाल तर यावर फार झुरू नका, रोजच खाणार असाल तर पहिल्या प्रकारचे निवडा.

पायरी ५: फायबरची ओळ

ही ओळ कोष्टकात प्रोटीनच्या अगदी वर असते आणि कुणी तिच्याकडे बघत नाही. कंपन्यांना ती छापण्याची सक्तीही नाही, बहुतेक सुपरमार्केटं मात्र छापतात. ब्रिटनमध्ये प्रौढांना दिवसाला ३० ग्रॅम फायबर घ्यायला सांगितलं जातं.

माझा नियम सोपा आहे: मुख्य जेवणाच्या डब्यात किमान ८ ग्रॅम. पांढरा भात आणि चिकनच्या डब्यांत हा आकडा अनेकदा तीन-चारवर अडकलेला दिसतो. प्रोटीन वाढवायचं म्हणून मांस वाढवलं, कॅलरी आवरायच्या म्हणून भात कमी केला, आणि भाजी म्हणून ढोबळी मिरचीचे चार तुकडे टाकले, अशी ती रचना असते. चणे, राजमा, मसूर, ब्लॅक बीन्स, ब्राऊन राइस किंवा क्विनोआ असलेल्या डब्यांत फायबर सहज दुप्पट-तिप्पट मिळतं. वरच्या यादीतला चौथा डबा मी वर चढवला तो याच कारणाने. प्रोटीनची कसर अंड्याने भरून निघते. चिकन-भाताच्या डब्यात फायबर घालायला मात्र वेगळी खटपट लागते.

मधुमेहाची भीती असलेल्यांनी ही ओळ कार्बोहायड्रेटच्या ओळीसोबत वाचावी. इथल्या लेबलवर कार्बोहायड्रेटच्या आकड्यात फायबर धरलेलं नसतं, त्यामुळे वजाबाकी करत बसू नका. दक्षिण आशियाई लोकांना टाइप २ मधुमेह कमी वजनावरही गाठतो, म्हणून ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने आपल्यासाठी धोक्याची पातळी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ पासूनच सुरू होते असं सांगितलं आहे. त्याच सुपरमार्केटात खरेदी करणाऱ्या गोऱ्या शेजाऱ्याला तो नियम २५ पासून लागू होतो. डबा दोघांचा एकच असला तरी.

पायरी ६: रंगीत चौकोन

पुढच्या बाजूला हिरवे, पिवळसर आणि लाल चौकोन दिसतात. २०१३ पासून ब्रिटनमध्ये ही एकसारखी पद्धत आहे, ऐच्छिक असली तरी मोठी दुकानं ती पाळतात. त्यात ऊर्जा, फॅट, सॅच्युरेट्स (संपृक्त फॅट), साखर आणि मीठ एवढंच असतं. प्रोटीन नाही, फायबरही नाही. म्हणून तर प्रोटीनची वेगळी पाटी रंगवावी लागते.

मीठ आणि सॅच्युरेट्स, हे दोन चौकोन बघा. मीठ दिवसाला ६ ग्रॅमच्या आत ठेवायचं, सॅच्युरेट्ससाठी लेबलवरचा संदर्भ २० ग्रॅमचा. एका डब्यात मीठ १.८ ग्रॅमच्या वर गेलं की चौकोन लाल होतो, सॅच्युरेट्स ६ ग्रॅमच्या वर गेले की लाल. १०० ग्रॅमच्या रकान्यात ०.५ ग्रॅम मीठ बिचारं वाटतं, पण ४०० ग्रॅमच्या डब्यात ते २ ग्रॅम होतं, म्हणजे दिवसाच्या कोट्याचा तिसरा हिस्सा एका बैठकीत. त्यावर पुन्हा आईने दिलेलं लोणचं घेणार असाल तर विचार करा.

भारतातून बॅगेत घालून आणलेल्या तयार जेवणाच्या पाकिटांशी तुलना करताना एक अडचण येते. त्यांच्यावर मिलिग्रॅममध्ये सोडियम लिहिलेलं असतं, इथे ग्रॅममध्ये मीठ. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. ६०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दीड ग्रॅम मीठ. ‘आपल्याकडच्या पाकिटात मीठ कमी असतं’ असं बऱ्याच जणांना वाटतं, गुणाकार केला की मत बदलतं.

पनीर आणि चीजच्या डब्यांत सॅच्युरेट्सचा चौकोन बहुधा लालच असतो. शाकाहारी माणसाने ‘हाय प्रोटीन’ म्हणून रोज पनीर मखनी उचलली, तर हा हिशोब आठवड्याअखेरीस जड जातो. टोफू, एडामामे (कोवळं सोयाबीन), चणे, डाळी यांच्याशी आलटून पालटून घ्या.

जे काही पदार्थ टाळतात त्यांच्यासाठी

इथे ‘व्हेजिटेरियन’ची खूण असल्याशिवाय अंदाजाने काही उचलू नका. भारतातला हिरवा ठिपका इथे नसतो. पामेझान चीजमध्ये पारंपरिक पद्धतीने वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडणारं द्रव्य) वापरतात, त्यामुळे मांसाचा तुकडाही नसलेला पास्ता शाकाहारी असेलच असं नाही. थाई करीत फिश सॉस असतो, वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही हे मासे, आणि दह्या-मूसच्या काही ‘हाय प्रोटीन’ डब्यांत प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन. भारतीय अर्थाने जे अंडंही खात नाहीत, त्यांना ‘व्हेजिटेरियन’ खूण पुरत नाही. यादीत ठळक अक्षरांत ‘एग’ आहे का ते पाहा. अंडं, दूध, गहू, सोया, तीळ यांसारखे अ‍ॅलर्जी आणणारे १४ घटक यादीत उठून दिसतील असे छापणं बंधनकारक आहे, त्याचा हा एक आयता फायदा.

गोमांस किंवा डुकराचं मांस टाळणाऱ्यांनी कॉटेज पाय (बीफ), बोलोन्येज (बहुधा बीफ), चोरिझो, पँचेटा आणि लार्डन्स (तिन्ही पोर्क) ही नावं पाठच करून ठेवावीत. शेफर्ड्स पायमध्ये सहसा लॅम्ब असतं.

किंमत

शेल्फच्या पट्टीवर दर किलोचा भाव असतो, प्रोटीनचा नसतो. पेन्समधल्या किमतीला प्रोटीनच्या ग्रॅमने भागा. ४ पाउंडांच्या डब्यात ३२ ग्रॅम असतील तर ग्रॅमला साडेबारा पेन्स. मग त्याच दुकानातला त्याच पदार्थाचा बिनपाटीचा डबा शोधा आणि तोच भागाकार करा. पुष्कळदा फरक चार-पाच ग्रॅमचा निघतो आणि भाव मात्र चांगलाच चढलेला असतो. एका अंड्यात सहा-सात ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे तेवढा फरक एका अंड्याने भरून निघतो.

डब्यात घरून काय घालायचं

फ्रोझन मटार घरी ठेवाच. १०० ग्रॅममध्ये सुमारे ५ ग्रॅम प्रोटीन आणि तितकंच फायबर. डबा निम्मा गरम झाला की मूठभर त्यात ढकलायचे, वेगळं भांडंही लागत नाही. फ्रोझन पालकाचंही तेच. डबाबंद चणे, राजमा धुऊन घेतले की मीठही कमी होतं.

दही विकत घेताना ‘ग्रीक’ आणि ‘ग्रीक स्टाइल’ यांत गफलत करू नका. पाणी निथळून केलेल्या खऱ्या ग्रीक दह्यात १०० ग्रॅमला ९-१० ग्रॅम प्रोटीन असतं, ‘स्टाइल’वाल्यात बऱ्याचदा त्याच्या निम्मंच. आइसलँडी स्किअर १० ग्रॅमच्या पुढे जातं, आणि त्यात काकडी किसून, जिरेपूड घातली तर कोशिंबीर इतकी छान होते की कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

तारीख आणि मायक्रोवेव्ह

‘यूज बाय’ ही सुरक्षिततेची तारीख आहे, ती उलटली की वास घेऊन ठरवत बसू नका, टाकून द्या. ‘बेस्ट बिफोर’ फक्त चवीची. संध्याकाळी उशिरा पिवळ्या स्टिकरचे स्वस्त डबे मिळतात. पाकिटावर घरी फ्रीज करायला चालेल असं लिहिलं असेल तर ‘यूज बाय’च्या दिवसापर्यंत ते फ्रीजरमध्ये टाकता येतात. बाहेर काढून वितळवलेला डबा २४ तासांत खाऊन संपवा.

पाकिटावरची वेळ बहुधा ८०० किंवा ९०० वॉटसाठी असते. होस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ७०० वॉटचा असेल तर ती वेळ पुरणार नाही. वॉट दारावर किंवा आतल्या बाजूला लिहिलेले असतात, बघून घ्या. फिल्मला भोकं पाडा, अर्ध्या वेळेला बाहेर काढून ढवळा, आणि मधला भाग वाफाळता गरम झाला नसेल तर अजून मिनिटभर ठेवा. भाताचा डबा एकदा गरम केला की उरलेला पुन्हा गरम करू नका. तेवढा एक नियम इथल्या विद्यार्थ्यांकडून हटकून मोडला जातो.